मुक्कामाचं ताट

जेवायला बसल्यावर सुखदेवभाऊ आधी डोळे मिटत. ताट समोर आलं की मान जरा पुढे झुकवत, एक लांब श्वास घेत आणि ताटात जे असेल त्याचं नाव मोठ्यानं घेत. 'वांग्याचं भरीत.' 'अंबाडीची भाजी.' कधी नुसतंच 'पिठलं.' मग डोळे उघडून पहिला घास. नवख्या माणसाला वाटायचं, हे जेवणापूर्वीचा श्लोक म्हणताहेत. तोही भक्तिभावानं हात जोडायचा आणि भरीत ऐकून गोंधळायचा. आमच्या घरी ते पहिल्यांदा जेवले तेव्हा त्यांनी मेथी ओळखली, कढी ओळखली आणि डोळे न उघडताच म्हणाले, "अन् वरण बुडाले लागलं जरासं." लागलं होतं. मी वरचं वरचं काढून वाढलं होतं, पण त्या नाकापुढे माझी चतुराई चालली नाही. ते पाहुणे, म्हणून मी मुकाट कढी पुन्हा वाढली, पण पुढचे कितीतरी दिवस मी त्यांच्यावर डूख धरून होते.

नांदुऱ्याला आमचा छोटा छापखाना होता. खाली यंत्र, वर बिऱ्हाड. महाराष्ट्र नवाच झाला होता आणि आमच्या ह्यांना आपलं एक साप्ताहिक असावं अशी हौस आली होती. त्यात जिल्हा परिषदेच्या सभा, कापसाचे भाव, कुठल्या गावी विहीर खोदली आणि कुठल्या गावी तिला पाणी लागलं नाही, असा सगळा ऐवज असे. प्रुफं वाचायचं काम माझ्याकडे. डाळ शिजत टाकायची आणि जिन्यावर बसून प्रुफं तपासायची. त्या दिवशीचं वरण बुडाला का लागलं, ते यावरून कळावं.

सुखदेवभाऊ एसटीत कंडक्टर होते. एका दुपारी खाकी कपड्यात, खांद्याला चामड्याची पिशवी, काखेत तिकिटांची पत्र्याची पेटी, असे छापखान्यात येऊन उभे राहिले. ह्यांना वाटलं, पार्सल आलं. भाऊंनी पेटी उघडली, तिकिटांच्या गठ्ठ्याखालून घडी केलेले कागद काढले आणि पुढे केले. लेख होता. विषय होता कळण्याची, म्हणजे ज्वारीत उडीद दळून केलेली, भाकर. ह्यांनी दोन ओळी वाचल्या आणि चष्मा वर सरकवला. शेतीवर लिहा, एसटीच्या अडचणींवर लिहा, खाण्यावर काय लिहायचं, लोक घरी खातातच की, असं ते म्हणाले.

भाऊंनी पेटी बंद केली. मग म्हणाले, "साहेब, माणूस मरते तर त्याच्या वावराचा सातबारा राह्यते. तलाठ्याकडे जा, पाहून घ्या. पण एखाद्या बाईच्या हाताच्या चवीचा सातबारा कोणाच्या दप्तरात हाये? ते बाई गेली का गेलं."

ह्यांनी कागद ठेवून घेतले. लेख छापला. 'मुक्कामाचं ताट' हे नाव ह्यांनीच दिलं.

मुक्काम म्हणजे एसटीचा मुक्काम. संध्याकाळी शेवटची गाडी खेड्यात जायची, तिथेच थांबायची आणि सकाळी पहिली होऊन परत यायची. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपत. पण त्यांना उपाशी झोपू देणं गावाला कमीपणाचं वाटे. अमडापूर असो की दुसरं कुठलं गाव, पारावर गाडी लागली की कोणीतरी पोरगं पाठवायचं, आज आमच्याकडे या म्हणून. आज पाटलाकडे, उद्या माळ्याकडे. सुखदेवभाऊंनी अशी जिल्ह्यातली किती घरं जेवून काढली असतील देव जाणे. कुठे रोडगे, कुठे कढी-गोळे, कुठे पातोडीची भाजी, कुठे नुसता ठेचा आणि तेल. सगळीकडे डोळे मिटून नाव घ्यायचं, मग घास. घरातल्या बायका दाराआडून पाहत राहायच्या आणि नाव बरोबर आलं की हसायच्या.

लिहिताना मात्र त्यांचा एक दंडक होता. घराचं नाव घालायचं नाही. गावाचं नाव, हंगाम, भाजी कशी चिरली, कोणत्या लाकडाचा जाळ होता, सगळं लिहायचं. पण घर कोणाचं ते नाही. एकदा ह्यांनी आग्रह केला, नाव घातलं तर त्या लोकांना बरं वाटेल, वर्गणीदारही मिळतील. भाऊ म्हणाले, "ज्याच्या घरी खाल्लं त्याचं नाव घेतलं तर ज्याच्या घरी कमी वाढलं त्याचंही कधीतरी निघते." 

लोक ते सदर वाचू लागले. आधी वाचू लागल्या त्या बायका, म्हणजे नवऱ्याकडून वाचून घेऊ लागल्या. वडनेरच्या एका आजीबाईंनी आम्हाला बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, चळत पाठवली आणि निरोप दिला की कंडक्टरनं लिहिलं तेवढं जिरं घालू नये, थोडं कमी घालावं. भाऊंनी पुढच्या अंकात ती चूक कबूल केली. दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आली, तिची भाकर तुटायची, थापताना हाताला राहायची. बाकी वर्तमानपत्रं आकडे देत होती. भाऊंनी लिहिलं की ही भाकर वाईट नाही, परकी आहे. परक्या घरून आलेल्या सुनेसारखं तिला चार दिवस समजून घ्यावं लागतं, गरम पाण्यात पीठ भिजवा, ती ऐकते. मी तसं करून पाहिलं. ऐकली.

मी एकदा त्यांना विचारलं, तुमच्या घरात इतकं चांगलं खाणं होतं का हो लहानपणी. ते हसले. म्हणाले, "वहिनी, मी आधी भाज्यांची नावं खाल्ली. भाज्या मंग मिळाल्या." मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी बोलताहेत. मी प्रुफाकडे वळले.

त्या बोलण्याचा अर्थ मला त्यांच्या एका लेखातून कळला, आणि त्याच लेखानं त्यांचं सगळं बिघडवलं.

लेख त्यांच्या थोरल्या बहिणीवर होता. भाऊंचं लहानपण वडनेर भोलजीला गेलं. आई लवकर गेली, वडील कापसाच्या जिनात कामाला, हंगाम असला तर मजुरी, नसला तर नाही. घर चालवायची अक्का, तीही परकर नेसणारी पोरच. बऱ्याच दिवशी घरात ज्वारीच्या कण्यांपलीकडे काही नसे. अशा दिवशी अक्का काय करायची, ते त्यांनी लिहिलं होतं. ती दार लोटून घ्यायची आणि रस्त्याकडची खिडकी उघडायची. तव्यात थेंबभर तेल, चार मोहऱ्या, लसणाची एक पाकळी, एक लाल मिरची. चर्र आवाज, खमंग वास. गल्लीतून जाणाऱ्याला वाटावं, इथे रांधणं चाललंय. तव्यात भाजी नसायचीच. मग कण्यांची थाळी भावापुढे ठेवायची. तो विचारायचा, "आज काय हाये, अक्का?" ती सांगायची, भरलं वांगं. किंवा शेवग्याच्या शेंगा. तो डोळे मिटायचा, तो वास ओढून घ्यायचा, नाव घ्यायचा आणि कण्या खायचा. शेवटी लिहिलं होतं की मी आजवर जिल्ह्यातल्या सगळ्या भाज्या खाल्ल्या, पण अक्काच्या रिकाम्या तव्यावरच्या वांग्याची सर कोणत्याही वांग्याला आली नाही, आणि मी हे सदर लिहितो ते त्या वांग्याच्या शोधात.

प्रूफ वाचताना मला रडू आवरेना. वरून वरण लागल्याचा वास आला तरी मी जिन्यावरच बसून. संध्याकाळी भाऊ आले तेव्हा मी त्यांना एवढंच विचारलं, की अक्कांना हे दाखवलंत का. ते म्हणाले, "आपल्या घरचं काय विचाराचं, वहिनी? दुसऱ्याच्या घराचं नाव मी घेत नाही. हे तर माझंच घर हाये." आणि खरंच, पहिल्यांदाच त्यांनी लेखात नाव घातलं होतं. बहिणीचं, तिच्या सासरचं, गावाचं. मान म्हणून.

अक्का धामणगाव बढ्याला दिलेली होती. घर मोठं, जमीन बरी, दोन दिरांच्या बायका, सुना, सतत पाहुणे. त्या घरात अक्काचा शब्द चाले, कारण पंगतीला माणसं कितीही वाढली तरी तिच्या हातचं कमी पडत नसे. अंक तिथे पोचला. धाकट्या सुनेनं ओसरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवला. कोणी वाईट बोललं असं नाही. सगळे आपापल्या कामाला लागले. पण गावाला जीभ असते. पुढच्याच लग्नात पंगतीत अक्का भाजी वाढत होती तेव्हा एका विहिणीनं ताटावर हात आडवा धरून हसत विचारलं, "काकू, फोडणी खरी हाये ना?" पंगत हसली. अक्कानं वाढणं पुरं केलं, आत गेली आणि म्हणे दुपारभर बाहेर आली नाही.

हे सगळं भाऊंना भाऊबिजेला कळलं. नवं लुगडं घेऊन ते गेले. अक्कानं पाट मांडला, ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं. मग तबक खाली ठेवून म्हणाली, "जेवाले काय वाढू, बापा? उद्या छापून येईल." तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं. आतून पुरणाचा वास येत होता, असं भाऊ मला सांगत होते. सांगताना त्यांनी डोळे मिटले नाहीत. पाणी पिऊन ते उठले, स्टँडवरच्या हॉटेलात शेव-मुरमुरे खाल्ले आणि परतीच्या गाडीत बसले.

पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्याही. ओवाळणी व्हायची, लुगडं स्वीकारलं जायचं, पाणी मिळायचं. ताट नाही. भाऊ एकदा म्हणाले, "पाणी तरी देते, वहिनी. तिच्या माठात वाळा असते. वास येते." मी हसावं म्हणून ते बोलले होते. मला हसता आलं नाही.

सदर चालू राहिलं, पण त्यातली चूल गेली. भाऊ आता आठवडी बाजारावर लिहीत, वांग्यांच्या जातींवर, मिरचीच्या पेठेवर. माहिती भरपूर असायची. कोणी रांधत मात्र नसायचं. वाचकांनाही जाणवलं. ह्यांनी सुचवलं की आपण एक खुलासा छापू, अक्कांचा मान राखून चार शब्द लिहू. भाऊंनी मान हलवली. "एकदा झाकण काढलं मी. आता वाजवून वाजवून झाकू काय?" मुक्कामाच्या गावीही ते पूर्वीसारखे घराघरांत जाईनात. घरून डबा न्यायचे आणि गाडीत बसून खायचे. लोकांना वाटलं, कंडक्टरला शिष्टपणा आला.

पुढं आमच्या एका नात्यातल्या लग्नाला मला धामणगावला जावं लागलं. मी मुद्दाम अक्काच्या घरी गेले. छापखान्याची बाई म्हणून हाकलतील की काय, अशी धाकधूक होती. अक्कानं मला ओळखलं आणि आधी पाय धुवायला पाणी दिलं. उंच, काळीसावळी, चेहरा भाऊंचाच, पण हसू आवरून धरलेला. मग तिनं वरण-बट्टी केली, वांग्याची भाजी केली, तुपाची वाटी माझ्या पानात उपडी केली. मी खात राहिले आणि ती समोर बसून वारा घालत राहिली. त्या वांग्याबद्दल मी काय सांगू? वांग्यावर लिहायला मी सुखदेवभाऊ नाही. पण पहिल्या घासाला मला कळलं की हा माणूस जिल्हाभर काय शोधत फिरला.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. म्हटलं, त्यांनी तुमचं कौतुकच केलं होतं, अक्का. वाचणारी माणसं रडली.

ती पंखा फिरवतच होती. मग म्हणाली, "तुमाले एक सांगतो, बाई. त्यालेही ठाऊक नाही. आमचा मामा गल्लीतच राहे. तो रोज बापाले म्हणे, पोरं उपाशी मरून राह्यली, सुख्याले माझ्या घरी देऊन टाक, माझी गुरं राखीन तो. माझा बाप मऊ माणूस. एक दिवस जरी चूल थंड दिसली असती, तर मामा घेऊन गेला असता त्याले. म्हणून फोडणी. लोकाईले दाखवाले नाही. त्याले घरात ठेवाले." पंखा थांबला. "ते झाकून ठेवासाठीच तर सारं होतं. अन् त्यानंच झाकण काढलं."

मी म्हटलं, मग हे त्यांना सांगा ना. ती म्हणाली, "मी काऊन सांगू? त्यानं मले विचारलं काय लिहाच्या आधी?" निघताना मी धीर करून म्हटलं की भाजी उरली असेल तर डब्यात घालून द्या, मी भाऊंना नेऊन देते. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर सावरला. मग दारापर्यंत सोडायला आली आणि मागून हळूच विचारलं, "जेवते काय तो बरोबर?"

मी परत येऊन भाऊंना सारं सांगितलं. सांगू नको असं ती म्हणाली नव्हती, आणि मला ते पोटात ठेवून चैन पडलं नसतं. भाऊ छापखान्याच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होते. मामाचं ऐकल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "मी नुसतं नाकानं पाह्यलं, वहिनी. वास आला, मी खुश." त्या आठवड्यात त्यांनी सदर दिलं नाही. त्या जागी ह्यांनी बी-बियाण्यांची जाहिरात टाकली. पुढच्या आठवड्यातही दिलं नाही आणि नंतर कोणी मागितलंही नाही.

नोकरी संपली तसे ते नांदुऱ्यातच राहिले. रुक्मिणीवहिनी, म्हणजे त्यांची बायको, बोलायला कमी आणि करायला जास्त. तिच्या हाताला बरी चव होती, पण बिचारीनं एका रिकाम्या तव्याशी बरोबरी कशी करायची? ती म्हणायची, "माझ्या नणंदेनं काही न करताच मले हरवलं." हे ती रागानं म्हणत नसे.

मग भाऊंच्या घशाचं दुखणं निघालं. आधी भाकर अडकायला लागली, मग भात, मग पेजही. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेऊन आणलं. तिथल्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा आम्ही काय ते समजलो. चमच्यानं पाणी, तेही मुश्किलीनं. ज्या माणसानं जिल्हाभराची ताटं जेवली, त्याच्या पोटात घास जाईना. खाट ओसरीवर टाकली होती. मी रोज जाऊन बसायची. ते डोळे मिटून पडलेले असत आणि आत कोणाच्या घरी काय शिजतंय ते सांगत. 'मेथी.' 'डाळकांदा.' शेजारच्या घरी काही करपलं तर माझ्याकडे बघून भुवई उडवायचे. तेवढी मस्करी शेवटपर्यंत राहिली. एकदा नुसतंच म्हणाले, "अक्काच्या हातचं एकदा पाहिजे होतं, वहिनी. आता तिनं दिलं तरी उपेग नाही." मला राग आला, त्यांच्यावर, तिच्यावर, आमच्या त्या छापखान्यावर. कशावर काढायचा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर गेले आणि धामणगावच्या गाडीच्या कंडक्टरला निरोप दिला. भाऊंनीही आयुष्यभर असेच लोकांचे निरोप नेले होते, जन्माचे, मरणाचे, डबे विसरल्याचे. पोरगा तरुण होता, पण त्यांचं नाव ऐकल्यावर त्यानं शिटी खिशात घातली आणि नीट ऐकून घेतलं. मी एवढंच सांगितलं की अक्काला म्हणावं, सुखाला आता जेवता येत नाही.

अक्का त्याच गाडीच्या परतीच्या फेरीनं आली. म्हणजे निरोप ऐकला आणि उभ्या पायी निघाली. बरोबर एक कापडी पिशवी. मी ओसरीवरच होते. तिनं खाटेजवळ येऊन भावाकडे पाहिलं, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. रुक्मिणीवहिनी मागे धावली. म्हणाली, त्यांच्या घशाखाली काहीच उतरत नाही, अक्का, डॉक्टरांनी सांगितलंय. अक्का म्हणाली, "ठाऊक हाये मले. तवा कुठं हाये?"

पिशवीतून तिनं लसणाची गड्डी काढली, एक लाल मिरची, मोहरीची पुरचुंडी, तेलाची बाटली. सगळं घरून आणलेलं. चूल पेटवली, तवा ठेवला. शेजारच्या बायका जमल्या होत्या, रुक्मिणीवहिनीला लाज वाटून तिनं दार लोटायला हात नेला. अक्कानं मान वर न करता सांगितलं, "राहू दे उघडं. येऊ दे कोणाले यायचं ते." बायका उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या देखत तिनं रिकाम्या तव्यात तेल सोडलं, मोहरी टाकली, लसूण ठेचून टाकला, वरून मिरची मोडून. चर्र झालं. त्या वासानं स्वयंपाकघर भरलं आणि ओसरीवर आलं. अक्का तवा तसाच सांडशीनं धरून बाहेर आली आणि खाटेशेजारी जमिनीवर बसली. तव्यात भाजी नव्हती, ते सगळ्यांनी पाहिलं.

भाऊंनी डोळे मिटले. छाती हलकेच वर आली. कितीतरी दिवसांत त्यांनी असा श्वास घेतला नव्हता. मग त्या बसलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "आज काय हाये, अक्का?"

"भरलं वांगं," ती म्हणाली. "जेव, सुखा."

"भरलं वांगं," भाऊंनी नाव घेतलं. आणि त्यांच्या गळ्याची घाटी खाली गेली, जणू काही गिळलं. उंबऱ्यातल्या बायकांपैकी एकही हसली नाही.

त्यानंतर ते गेले तोवर अक्का तिथेच राहिली. सकाळ-संध्याकाळ तवा ठेवायची. भाजीचं नाव रोज वेगळं असे, शेवग्याच्या शेंगा, दोडकं, गवार. शेवटी शेवटी ते नाव घेत नसत, नुसते ओठ हलत.

तेराव्याला माणसं जेवून गेल्यावर ह्यांनी अक्कांना विचारलं, की भाऊंवर आम्हाला अंकात काही छापायचं आहे, तुमची हरकत नसेल तरच. विचारायला पाहिजे एवढं आम्ही शिकलो होतो. ती भांडी घासत होती. हात राखेनं भरलेले. म्हणाली, तुम्ही नका लिहू, या बाईले लिहू द्या, हिनं माझ्या घरी जेवलं हाये. मी विचारलं, तव्याचंही लिहू का? नाव न घालता लिहीन.

"नाव घालून लिहा," अक्का म्हणाली. "वडनेरचं घर लिहा, माझं लिहा. अन् त्या विहिणीले कळू द्या, भाजी नव्हती. फोडणी खरी होती."